दुसरी उसळी



वनस्पतिपेशी आणि जिवाणू या विषयावरची परिषद इथे सोलापुरात भरावी, याचा स्वागत समितीला विशेष आनंद आहे. तेल्या रोगाने इथल्या शेतकऱ्यांना डाळिंबाच्या उभ्या बागा काढायला लावल्या आहेत. पानावर तेलकट ठिपका दिसतो, मग फळावर काळपट डाग पडून ते तडकते आणि हाताशी आलेला बहार डोळ्यांदेखत जातो. हे करणारा झँथोमोनस हा जिवाणूच, आणि मुळांशी राहून झाडाला मदत करणारेही जिवाणूच. झाड त्यांच्यात फरक करते तरी कसा?

पानात याचा छडा लागणे अवघड, कारण लागण मोजक्या पेशींपाशी सुरू होते. फ्लास्कमधल्या पोषक द्रवात, शेकरवर वाढवलेल्या पेशींची मात्र जिवाणूशी एकदमच गाठ पडते. काही मिनिटांत द्रवाचा सामू चढू लागतो, हायड्रोजन पेरॉक्साइड उसळते. दोन्ही मोजता येतात. १९९९ मध्ये बाझेलच्या फेलिक्स, बोलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की जिवाणूच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडाही टोमॅटोच्या पेशींना जागे करायला पुरतो. मुळांशी राहणाऱ्या रायझोबियमच्या फ्लॅजेलिनमध्ये नेमका हा भाग वेगळा असतो. त्याची टोमॅटोच्या पेशी दखल घेत नाहीत.

माझ्या मते याहून मोलाचे आहे ते तंबाखूच्या पेशींवरचे काम. हायड्रोजन पेरॉक्साइडची पहिली उसळी उपद्रवी आणि निरुपद्रवी, दोन्ही जिवाणूंविरुद्ध येते आणि लगेच ओसरते. पेशींनी शत्रू ओळखला, तरच दीड ते तीन तासांनी दुसरी उसळी येते. ती टिकते; पुढे पेशी स्वतः मरतात आणि पानात असे घडले, की जिवाणूची वाट तिथेच अडते. पण जो जिवाणू त्या झाडाला हमखास रोग देतो, त्याच्याविरुद्ध ही दुसरी उसळी येतच नाही. म्हणजे पहिल्या उसळीनंतर पेशी शांत राहिल्या, तर समोरचा एक तर निरुपद्रवी असतो, नाही तर सर्वांत घातक. पहिल्या दहा मिनिटांच्या आकड्यांवरून कोणत्याही जिवाणूला बरा-वाईट ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. रोगाला बळी पडणाऱ्या वाणात दुसरी उसळी कशी आणता येईल, यावर इथे मनमोकळी चर्चा व्हावी.

उद्या सकाळी दहाला तंबाखूच्या पेशींवर प्रात्यक्षिक आहे. एका फ्लास्कमध्ये पेशी ओळखतील असा रोगजंतू, दुसऱ्यात निरुपद्रवी स्युडोमोनस फ्लुरोसन्स सोडला जाईल. बागायतदारांनी सुरुवात पाहून निघू नये. एक वाजेपर्यंत थांबावे. जेवणाची व्यवस्था त्यानंतरच ठेवली आहे. संशोधक मित्रांना विनंती, की आलेख दाखवताना तो मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगावा आणि आमच्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा.