त्याचं वाक्य पुरं होऊ द्या

श्रोतेहो, आजारी माणसाच्या उशाशी बसून काय बोलावं, याचंही शिक्षण असतं. ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणाऱ्या विद्यालयांना सेमिनरी म्हणतात. तिथे बायबल आणि प्रवचन तर शिकवतातच. पण अनेक ठिकाणी दुःखिताला आधार देण्याचा, समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही असतो. त्यातलं काही शिक्षण रुग्णालयात घ्यावं लागतं.

यामागे अँटन बॉयसन या अमेरिकन पाद्र्यांची कहाणी आहे. १९२० मध्ये ते स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाले. या रुग्णांकडे चर्चचं लक्ष नाही, हे त्यांना आत राहून कळलं. १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मोपदेशक झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना तिथे घेऊन आले. विद्यार्थी वॉर्डात परिचारकाचं काम करत. ग्रंथ वाचता तसा जिवंत माणूसही वाचायला शिका, हा बॉयसन यांचा आग्रह होता.

पुढे या शिक्षणात एक रीत रुळली. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे गप्प झालो. मग मार्गदर्शक आणि सहाध्यायी त्यावर बोलतात. रुग्ण 'भीती वाटते' म्हणाला आणि तुम्ही घाईने प्रार्थना सुरू केलीत. ती भीती त्याची होती की तुमची?

हे समजलं आणि मला माझे भाईजान आठवले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटणं, म्हणजे इयादत, सवाबचं काम मानतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री भाईजान म्हणाले, "सकाळी उठेन का रे मी?"

मी म्हणालो, "असं अभद्र बोलू नये. अल्ला आहे ना!"

बोललो ते खोटं नव्हतं. पण भाईजान भिंतीकडे वळले आणि गप्प झाले. ऑपरेशन नीट झालं. वर्षभराने ते गेले. त्या रात्री त्यांना काय सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

परवा मी ते बोलणं वहीत लिहून काढलं. त्यांचं एक वाक्य, माझी दोन. चौथी ओळ कोरी. कवितेतल्या एका शब्दासाठी रात्र जागवणारा मी, तिथे क्षणभरही थांबलो नव्हतो.

श्रोतेहो, धीर द्यायला वेळ असतो. आधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं.