खिशांतला चाकू



आजचा विषय ऐकून कांहीं घरांतील आयाबहिणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्यांत त्यांचें फारसें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. चाकू म्हटला कीं वर्तमानपत्रांतील मारामारीची हकीकत डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु मी ज्या चाकूविषयीं बोलणार आहें, तो पेन्सिलीला टोंक करणारा, टपालाचें पाकीट उघडणारा, प्रवासांत पेरूच्या फोडी करून देणारा असा साधा घडीचा चाकू आहे. तो सज्जनांच्या खिशांत राहणारा खरा. पण निवडण्यांत हयगय झाली, तर हा सज्जनहि रक्त काढल्यावांचून राहत नाहीं. तें मीं स्वतः पाहिलें आहे, म्हणूनच हा विषय आज आपल्यापुढें मांडीत आहें.

मी शाळेंत शिकवीत असतांनाची गोष्ट. मुलांची सहल एका टेकडीवर गेली होती. शिध्याच्या पोत्याची सुतळी भिजून तिची गांठ घट्ट बसली होती, म्हणून सहावींतील एका मुलानें माझा चाकू मागितला. त्या चाकूची कमान ढिली पडली आहे, हें मला कित्येक महिने ठाऊक होतें. माझ्या हाताला त्याच्या खोडीची संवय झाली होती, एवढेंच. मुलानें पात्याचें टोंक गांठींत खुपसून पिळलें, आणि पातें एकदम मिटून त्याच्या तर्जनीवर आलें. तीन टांके पडले. मुलानें मला दोष दिला नाहीं, त्याच्या वडिलांनींहि दिला नाहीं. परंतु परतीच्या वाटेवर त्याच्या बोटाला गुंडाळलेल्या रुमालाकडे पाहण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तोंपर्यंत चाकू घेतांना तो दिसतो किती सुबक आणि उघडतो किती चटकन्, एवढेंच मी पाहत असें. तो मिटतो कसा, आणि मिटूं नये तेव्हां उघडा राहतो कीं नाहीं, हें पाहण्याची बुद्धि मला त्या दिवशीं आली.

आतां क्रमानें पाहूं. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं आपलें काम कोणतें तें ठरवावें. स्वित्झर्लंडमधील इबाख गांवच्या कार्ल एल्सेनर या कारागिरानें 1891 सालीं आपल्या देशाच्या सैन्याला चाकू पुरविण्यास प्रारंभ केला. त्या चाकूंत एक पातें, एक टोचणी, डबा फोडण्याचें एक हत्यार आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढींच साधनें होतीं. कारण शिपायाला डबाबंद अन्न खावयाचें असे आणि आपली बंदूक उकलून साफ करावयाची असे. कामाची यादी आधीं झाली आणि हत्यार मागून आलें. आपण मात्र नेमकें उलट करतों. पंधरा पात्यांचा चाकू पाहून हरखून जातों, आणि घरीं आल्यावर त्यांतील बारा पातीं कशासाठीं आहेत याचा विचार करीत बसतों. असा जाडजूड चाकू खिशाला ओढ देतो, म्हणून चार दिवसांत तो टेबलाच्या खणांत जातो. आणि खणांतला चाकू प्रवासांत कामास येत नाहीं.

शहरांतील कुटुंबाचें काम पाहिलें तर किती? घरपोंच आलेल्या खोक्यावरील चिकटपट्टी कापणें, सुतळी तोडणें, एखादें फळ चिरणें, पेन्सिल तासणें. याला 6 ते 8 सेंटिमीटर लांबीचें, म्हणजे साधारणतः आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढें, एकच चांगलें पातें पुरतें. त्याच्या जोडीला फार तर डबा उघडण्याचें एक साधन असावें. त्याहून लांब पातें हातांत घेतल्यानें फळ अधिक चांगलें चिरलें जातें असें नाहीं. समोरचा मनुष्य मात्र बिचकतो.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घडीचे चाकू स्थूलमानानें दोन जातींचे असतात. पहिल्या जातींत मुठीच्या पाठीला पोलादी कमान असते व तिच्या दाबानेंच पातें उघडें राहतें. हलक्या कामाला ही रचना पुरेशी आहे. परंतु पात्याच्या पाठीवर जोर पडला किंवा टोंक कशांत अडकवून पिळलें, तर तें मिटणार हें धरून चालावें. दुसऱ्या जातींत पातें उघडल्यावर अडकवून ठेवण्याची सोय असते. कोठें मुठीच्या पाठीवर दाबण्याचा खटका असतो, कोठें मुठीच्या आंतील धातूची पट्टी सरकून पात्याच्या टाचेमागें उभी राहते, तर कोठें नुसतें फिरतें कडें असतें. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें 1890 सालीं लांकडी मुठीचा एक अगदीं साधा चाकू केला. तो शेतकऱ्यांत व गुराख्यांत फार मान्यता पावला. तरीसुद्धां पातें अडकविणारें कडें त्याला 1955 सालीं बसविण्यांत आलें. पांसष्ट वर्षें नांवाजलेल्या चाकूलाहि ही सुधारणा करावीशी वाटली, यावरून तिचें महत्त्व ध्यानांत यावें. ज्यांच्या घरांत मुलें आहेत, किंवा ज्यांचा चाकू चार हातांत फिरतो, त्यांनीं दुसऱ्या जातीचाच चाकू घ्यावा असें माझें मत आहे.

दुकानांत चार परीक्षा अवश्य कराव्या. पातें पुरतें उघडून तें डावीकडे उजवीकडे हलवून पाहावें. खिळ्याशीं खुळखुळत असेल तर तो चाकू परत ठेवावा. मग बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून, पात्याची पाठ फळीवर हलकेच दाबावी. अडकविलेलें पातें जागचें ढळतां कामा नये. तिसरी परीक्षा मिटलेल्या चाकूची. पात्याचें टोंक व धार मुठीच्या खांचेंत पूर्ण बुडालीं पाहिजेत. केसाएवढें टोंक वर राहिलें, तरी तें आज अस्तर फाडील आणि उद्यां बोट. शेवटीं, पात्यावरील खांचेंत नख घालून तें आपल्या हातानें उघडून पाहावें. दुकानदाराच्या तरबेज हाताला सोपें वाटणारें पातें साठीच्या घरांतील माणसाचें नख मोडतें, हा माझा अनुभव आहे.

पोलादाविषयीं थोडें सांगतों. साधें पोलाद लवकर धार घेतें. पण कैरी किंवा लिंबू कापून तें तसेंच ठेवलें तर काळें पडतें, आणि कोंकणच्या पावसाळ्यांत तर त्याला गंज चढावयास फारसा वेळ लागत नाहीं. 1913 सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं क्रोमियम मिसळून गंजाला दाद न देणारें पोलाद तयार केलें. त्यांतील क्रोमियमच्या ऑक्साइडचा अति पातळ थर पृष्ठभागावर जमून आंतील लोखंडाचें रक्षण करतो. ज्यांना चाकू वेळच्या वेळीं पुसण्याची शिस्त आहे त्यांनीं साधें पोलाद खुशाल घ्यावें. आपल्यासारख्या इतरांनीं स्टेनलेस घ्यावें.

मूठ लांकडाची असो, शिंगाची असो वा प्लॅस्टिकची. ओल्या हातांतून ती निसटतां कामा नये. गुळगुळीत चकचकीत मूठ कांचेच्या कपाटांत शोभते, आंब्याच्या रसानें माखलेल्या हातांत नाहीं.

चाकू घेतला म्हणजे धारेची जबाबदारीहि घेतली. बोथट चाकू निर्धोक असतो हा आपल्याकडील एक मोठा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. धारदार पातें थोडक्या दाबानें आपलें काम करून थांबतें. धार लावतांना पातें दगडाशीं किती कलतें धरावें, याचें माप कागदांत आहे. कागदाचा काटकोनी कोपरा एकदां निम्मा दुमडला कीं 45 अंश होतात, पुन्हां निम्मा दुमडला कीं साडेबावीस. तो कोन दगडापाशीं उभा करून पातें तेवढेंच कलतें धरावें, आणि दोन्ही बाजूंनीं सारखे हात मारावे. महिन्याकांठीं खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडावा, आणि घडींत अडकलेला फळाचा गर काडीनें काढून टाकावा.

कायद्याविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. भारतांतील 2016 च्या शस्त्र नियमांत, घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठीं केलेलीं हत्यारें वगळून, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा समावेश शस्त्रांत केलेला आहे. आपला खिशांतला चाकू या मर्यादेच्या पुष्कळच आंत राहतो. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 याच्या 37 व्या कलमाखालीं मनाईहुकूम लागू असेल तेव्हां चाकू जवळ बाळगण्यासहि बंदी घालतां येते. अशा वेळीं तो घरींच ठेवावा. विमानानें जातांना तो हातांतील पिशवींत न ठेवतां, विमान कंपनीच्या स्वाधीन करावयाच्या सामानांत ठेवावा. आणि बटन दाबतांच पातें उसळून बाहेर येतें असल्या चाकूच्या वाटेस आपण जाऊंच नये. फळ चिरणाऱ्याला इतकी घाई नसते.

माझ्या खिशांत आज जो चाकू आहे, तो दिसावयास अगदीं सामान्य आहे. पण त्याचें पातें अडकतें, आणि दर महिन्यास मी तें दाबून पाहतों. तो विद्यार्थी आतां मोठा गृहस्थ झाला आहे. रस्त्यांत भेटला म्हणजे आदरानें नमस्कार करतो, आणि जोडलेल्या हातांतील त्याच्या तर्जनीकडे माझी दृष्टि अजूनहि जाते. म्हणून आपणां सर्वांना माझी एवढीच विनंति आहे. आपल्या घरांत एखादा जुना घडीचा चाकू असेल, तर तो आज रात्रींच काढून त्याचें पातें हलवून पाहा. तें ढिलें असेल तर दुरुस्त करून घ्या, नाहींतर टाकून द्या. आपण त्याला संवयीनें सांभाळून घेत असाल; पण उद्यां तो ज्याच्या हातीं जाईल, त्याला ती खोड ठाऊक नसेल.