चांदी वर आली, खलाशी कोठें?

(गांवच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मी खेड्यांतल्या शाळेचा साधा मास्तर. मुलांस हिशेब शिकविणें हें माझें काम; म्हणून आज एक हिशेबच आपणांपुढें मांडतों.

‘तिलावा’ नांवाची आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजीं मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. दुसरें महायुद्ध चालू होतें. बोटीवर ७३२ उतारू व २२२ खलाशी-नोकर होते. २३ तारखेस जपानी पाणबुडीनें तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडेना, म्हणून होड्यांत उतरलेले कांहीं लोक परत वर चढले. तोंच दुसरा टॉर्पेडो बसला व बोट तळाला गेली. खलाशी व उतारू मिळून २८० माणसें मेलीं.

त्या काळीं असा खलाशी कोण असे? कोंकणांतला मुसलमान, गोव्याचा ख्रिस्ती, काठेवाडचा खारवी. बरेचसे ऐन विशींतले पोर. घरीं जमीन पुरत नाहीं, सावकार दारांत, म्हणून सारंगाच्या पायां पडून बोटीवर चढलेले. टॉर्पेडो काळागोरा पाहत नव्हता, पगार मात्र पाहत होता. गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्शाच्या आसपास हिंदी खलाशाचा पगार. १९३९ सालीं लढाई सुरू होतांच विलायतेच्या बंदरांत हिंदी खलाशांनीं काम बंद ठेवलें, कित्येक तुरुंगांत गेले, तेव्हां कोठें थोडी वाढ मिळाली.

आणि पोर बुडाला म्हणजे? प्रेत नाहीं, चिता नाहीं, कबर नाहीं. महिन्याची मनीऑर्डर बंद पडते, एवढीच खूण. आई उंबऱ्यांत बसून वाट पाहते. सून विधवा म्हणावी कीं सुवासीण, हें कोणास सांगतां येत नाहीं. आलेलें पत्र वाचावयास घरांत कोणी नाहीं. परक्याच्या तोंडून आपल्या पोराचें मरण ऐकावयाचें!

आतां हिशेबाची दुसरी बाजू पाहा. त्याच बोटींत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें घेतलेली चांदी होती. २०१७ सालीं खोल समुद्राच्या तळांतून तिच्या २,३६४ लगडी वर काढल्या. एकेक लगड मोजली. मालकी कोणाची, यावर विलायतेंत दावा चालला आणि २०२४ सालीं तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. चांदीला वारस होता, कागद होता, वकील होता.

माणसांचे कागद अगदींच नाहींत असें नाहीं. त्या महायुद्धांत गेलेल्या सहा हजारांवर हिंदी दर्यावर्दींचीं नांवें मुंबई व चितगांव येथील स्मारकाच्या नोंदींत आहेत. पण नांव शोधणारा घरचाच माणूस हवा.

म्हणून माझें मागणें एवढेंच. आज घरीं जाऊन म्हाताऱ्यांस विचारा, आपल्या घरचा कोणी दर्यावर गेला तो परत आला नाहीं काय? नांव, गांव, बोट, साल, जेवढें आठवेल तेवढें शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींकडून लिहवून घ्या. लगडींची मोजदाद इतरांनीं केली. आपल्या पोरांची आपणच केली पाहिजे.