तांब्याचा पत्रा आणि महारवाडा



आज मी चित्रांवर बोलणाराय. पण श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या नव्हे. तांब्यावर उतरलेल्या वेरूळबद्दल.

कॅमेरा नव्हता तेव्हा दूरची लेणी, देवळं, वाडे जगानं पाहिले ते तांब्याच्या पत्र्यावरून छापून. त्यातली एक रीत अॅक्वाटिंट. पत्र्यावर राळेची पूड पसरायची, तापवून चिकटवायची, मग पत्रा तेजाबात सोडायचा. राळेच्या कणांमधलं तांबं तेजाब खातो. जेवढा जास्त वेळ, तेवढी सावली काळी. शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून दाबाखालून काढायचा. लेण्यातला काळोख धरायला ही रीत झकास.

१८०३ साली लंडनला थॉमस डॅनियलनं वेरूळची २४ चित्रं अशी काढली. रेखाटनं जेम्स वेल्सची. तो १७९५ लाच मेलेला. वेल्सच्या हाताखाली पुण्याचा गंगाराम तांबट होता, त्यानंही वेरूळ चितारलं. पुस्तकाच्या शीर्षकात वेल्स आहे, डॅनियल आहे. गंगाराम नाही. राबणाऱ्याचं नाव कुठंच नसतं, हे आपल्याला नवं नाही.

आता शीर्षक ऐका : ‘हिंदू एक्स्कव्हेशन्स’. हिंदूंची खोदकामं! अरे, ३४ लेण्यांतली १ ते १२ बौद्धांची. १० नंबरच्या चैत्यात स्तूपापुढं साक्षात बुद्ध बसलाय. तेही लेणं ह्याच पुस्तकात, विश्वकर्म्याच्या नावानं! खांब बरोबर, कमानी बरोबर, उजेड बरोबर. नाव तेवढं दुसऱ्याचं.

आणि ५ नंबरचं लेणं? मोठा विहार. मधोमध दगडात कोरलेले दोन लांब ओटे. लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘महारवाडा’. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथातही ते चढलं. मी म्हणतो, बुद्धालाही गावकुसाबाहेर काढलं त्याची ही खूण. १९५६ ला आपण बुद्धाकडं गेलो म्हणतात. त्याचा विहार तर आधीपासून आपल्याच वस्तीच्या नावावर होता!

म्हणून पोरांनो, वेरूळला जा. टेप घ्या, मापं घ्या, ओटे मोजा, रेखाटा. तांबं परवडत नसेल तर लिनोचा तुकडा घ्या आणि कोरा. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. तेवढं शिका. आणि चित्राखालचं नाव दुसऱ्या कुणाला घालू देऊ नका.

जयभीम!