समजावून सांगणारी माणसं

डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून येऊन आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातला माणूस. बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहिले, मग कामावर आलेल्या नव्या मुलांना शिकवू लागलो, आणि आता माझा बहुतेक वेळ तांत्रिक लेखनात जातो. या वाटेबद्दल पदवीच्या वर्गात फारसं कोणी बोलत नाही, म्हणून आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

सॉफ्टवेअर तयार झालं की ते कसं बसवायचं, कसं वापरायचं, अडलं तर काय करायचं, हे कोणीतरी लिहावं लागतं. कंपन्यांमध्ये हे काम शेवटच्या आठवड्यात, ज्याच्याकडे दुसरं काम नाही त्याच्या गळ्यात पडतं. हे चूक आहे. चांगली माहितीपुस्तिका मिळाली की मदतीसाठी येणारे फोन कमी होतात, हे मी स्वतः पाहिलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, लिहायला बसलं की प्रोग्रॅममधलीच खोट दिसते. जी पायरी तीन परिच्छेदांतही सांगता येत नाही, ती मुळात नीट रचलेलीच नसते. शिकवणं आणि लिहिणं यांमुळे मी अधिक चांगला प्रोग्रॅमर झालो.

या वाटेनं गेलेली मोठी माणसंही आहेत. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा डेनिस रिची यांनी घडवली. ती शिकवणारी टिपणं बेल लॅब्जमधल्या ब्रायन कर्निघन यांनी लिहिली आणि १९७८ साली दोघांचं पुस्तक आलं. तुम्ही पहिल्या वर्षी पडद्यावर उमटवलेलं ‘हॅलो, वर्ल्ड’ कर्निघन यांच्याच लेखनातून जगभर गेलं. पुढे ते प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. आपल्याकडे नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं ‘लेट अस सी’ हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी अभ्यासलं असेल. अच्युत गोडबोले आयआयटीतून १९७२ साली बाहेर पडले, शहाद्याच्या आदिवासी चळवळीत गेले, नंतर मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवल्या, संगणकावर इंग्रजीत पाठ्यपुस्तकं लिहिली आणि मग विज्ञानापासून अर्थशास्त्रापर्यंतचे विषय मराठीत आणले.

पण या कामातले माझे खरे गुरू तुमच्या डहाणू तालुक्यातले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावर, घरांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणशाळा निघाली. माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य इथे परवडणारं नव्हतं. मग बिया, शिंपले, खडे, पानं ही साधनं झाली. आणि हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं! शिक्षण पत्रिकेतून, पुस्तकांतून, दुसऱ्या गावच्या शिक्षिकेला उद्या सकाळी वापरता येईल इतक्या नेमकेपणानं. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजनेची केंद्रं सुरू झाली, तेव्हा त्यांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. मी तांत्रिक लेखनावरची बरीच इंग्रजी पुस्तकं वाचली आहेत. शिकणारा जिथे आहे तिथून सुरुवात करायची, ही गोष्ट कोसबाडइतकी स्पष्ट मला कुठेच सापडली नाही.

आणखी एक आठवण मला इथे करून द्यायलाच हवी. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली आणि वारली माणसानं वेठ नाकारली. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी तो काळ लिहून ठेवला आहे. तेव्हा कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असायचा आणि ती वही वाचू शकणारं वारल्याच्या घरात कोणी नसायचं. आज रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवताना, मोबाईलवर ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबताना, आपल्या किती आयांना समोर काय लिहिलं आहे ते कळतं? उंबरगाव, वापी, बोईसरच्या कारखान्यांत रसायनांच्या पिंपांवरचा इशारा कामगाराला वाचता येतो का? न कळणाऱ्या सूचनेमुळे माणसाचा हक्क बुडतो, कधी हात भाजतो. म्हणून मला समजेल असं लिहिण्याचं हे काम महत्त्वाचं वाटतं.

एक उदाहरण घेऊ. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज तुम्ही सगळ्यांनी भरलाय. ‘दस्तऐवज विहित नमुन्यात व आकारमानात अपलोड करावेत’ अशा धर्तीचं वाक्य वाचून पहिल्या वर्षाची मुलगी सायबर कॅफेवाल्याला पैसे देते. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो काढा. कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. फाइल मोठी आहे असा संदेश आला, तर फोटो छोटा करा; तो कसा करायचा ते पुढच्या पानावर आहे.’ एका वाक्यात एकच कृती. ती केल्यावर काय दिसेल ते सांगायचं, आणि तसं दिसलं नाही तर काय करायचं तेही. मग तो कागद ज्यानं कधी अर्ज भरला नाही अशाच्या हातात द्यायचा आणि शेजारी गप्प बसायचं. तो जिथे थांबेल, तिथे आपलं लिखाण बदलायचं. आता यंत्रंही सफाईदार लिहून देतात, पण उधव्यासारख्या गावातली मुलगी कुठे थबकली हे बघायला तिच्या शेजारी माणूसच बसावा लागतो.

घरी वारली, बाजारात गुजराती, शाळेत मराठी, कॉलेजच्या वर्गात इंग्रजी असं करत तुम्ही इथवर आलात. ऐकणारा बदलला की बोलणं बदलायचं, हा सराव तुम्हाला लहानपणापासून आहे. मुंबई-पुण्याच्या अनेक हुशार अभियंत्यांना तो वर्षानुवर्षं जमत नाही.

वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा नेट, सेट किंवा पीएचडी हवी. तांत्रिक लेखनाच्या जागा प्रोग्रॅमरच्या जागांपेक्षा कमी आहेत आणि सुरुवातीला पगारही बहुधा कमी. म्हणून आधी दोन-चार वर्षं प्रत्यक्ष काम करा. डहाणू लोकलनं अंधेरीला जा, नाहीतर घरून करा. पण स्वतः प्रोग्रॅम लिहा, तो मोडलेला बघा, दुरुस्त करा. सोबत आपल्या प्रकल्पाची माहिती नीट लिहीत राहा. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना माहितीपुस्तिका सुधारणारी माणसं नेहमी हवी असतात आणि तिथलं तुमचं काम नोकरी देणाऱ्याला दाखवता येतं. जमलं तर रविवारी पाड्यावरच्या चार मुलांना संगणक शिकवा. त्यांचे प्रश्न वहीत टिपून ठेवा, तेच तुमच्या पहिल्या पुस्तिकेचं साहित्य.

कला शाखेच्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. मराठी नीट लिहिणारा आणि यंत्राला न घाबरणारा माणूस या क्षेत्राला हवा आहे.

नव्या वर्षाचे शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होतील. तुमच्या मागून येणाऱ्या मुलांसाठी दोन पानांची सूचना तुमच्यातल्या तिघाचौघांनी मिळून लिहावी, आणि तिची एक प्रत वारलीतही करावी. समारंभानंतर मी ग्रंथालयात थांबणार आहे. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी यावं, आजच पहिला मसुदा सुरू करू.