विमा उपचाराचा, तपासणीचे काय?

(संस्थेच्या पालक-माता मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर स्तनाच्या कर्करोगाचा आणि विम्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आई अंथरुणाला खिळली की घरातील थोरल्या मुलीचे दप्तर सर्वांत आधी खुंटीला लागते. मुलीचे शिक्षण टिकवायचे असेल तर तिच्या आईचे आरोग्य टिकले पाहिजे. म्हणून हा विषय शाळेचाच आहे.

२०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. गाठ लहान असतानाच लक्षात आली तर उपचार सोपे होतात आणि बरे होण्याची आशा कितीतरी वाढते. आपल्याकडे मात्र अनेक भगिनी फार उशिरा डॉक्टरांकडे पोहोचतात.

या विषयावर बोलू लागले की एक उत्तर हमखास मिळते: "आमच्याकडे कार्ड आहे." कार्ड असणे चांगलेच. २०१८ साली सुरू झालेली केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्याशी जोडलेली आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांचा खर्च त्यांतून होतो, आणि त्यासाठी कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. विमा घ्यावा की न घ्यावा याविषयी आपल्या समाजात धार्मिक दृष्टीने मतभेद आहेत. परंतु ज्यात आपण हप्ताच भरत नाही, त्या योजनेचे कार्ड काढण्यास तरी कोणी मागे राहू नये.

पण हे कार्ड उपयोगी पडते ते रोग ठरल्यानंतर, रुग्णालयात दाखल होताना. बाजारातील बहुतेक विमा पॉलिसींचेही तेच आहे. समजा, एखाद्या भगिनीला छातीत गाठ लागली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तोही तपासला. पुढे त्याच आजारासाठी ती दाखल झाली, तर त्याआधीच्या ठरावीक दिवसांतील तपासण्यांचा खर्च पॉलिसीतून मिळू शकतो. गाठ साधी निघाली, आणि बहुतेक गाठी साध्याच असतात, तर शुक्र अल्लाहचा. पण बिल मात्र घरचेच. मग ज्या बाईला काहीच त्रास नाही, तिच्या तपासणीचे पैसे कोण देणार? घरखर्चातून चार पैसे बाजूला काढणारी आई स्वतःवरचा असा खर्च नेहमी पुढच्या महिन्यावर ढकलते.

इतर देशांनी यावर तोड काढली आहे. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याने बहुतेक विमा कंपन्यांवर बंधन घातले, की चाळिशीनंतरच्या स्त्रीची नियमित मॅमोग्राफी तिच्याकडून काहीही न घेता झाली पाहिजे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवाच पन्नास ते सत्तर वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी बोलावते. तत्त्व एकच: तपासणीच्या दारात पैशाची अडचण उभी राहू नये.

मॅमोग्राफीचे यंत्र गावोगाव नाही, म्हणून आपण निराश होण्याचे कारण नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंत तशी ठळक घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

अशी हाताने होणारी तपासणी आज सरकारी कार्यक्रमात आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ती पाच वर्षांतून एकदा, आरोग्य उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य करण्याची तरतूद आहे. २०२३ पासून या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तपासणाऱ्या परिचारिका स्त्रियाच असतात. तेव्हा शरमेचे कारण पुढे करू नये. तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

आता संस्थेला तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वर्षातून एक दिवस ठरवून जवळच्या आरोग्य केंद्राच्या सहकार्याने शाळेतच माता-तपासणी ठेवावी. पडदा असावा, नोंद गुप्त राहावी. दुसरी, गाठ आढळलेल्या गरीब भगिनीच्या पुढील तपासण्यांसाठी छोटासा निधी वेगळा काढावा; कारण विमा जिथे हात आखडतो ती जागा नेमकी हीच आहे. तिसरी, शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी सामूहिक विमा घेताना कंपनीला लेखी विचारावे: तपासणी त्यात आहे काय? कोणत्या वयापासून? किती रकमेपर्यंत? नसेल तर ती घालून मागावी. सामूहिक पॉलिसीत अशा अटी बोलून ठरवता येतात. एकट्यादुकट्याला ते जमत नाही.

आणि वाचक भगिनींनो, आपणांस एवढेच सांगणे. गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंडातून येणारा रक्तस्राव किंवा आकारात झालेला बदल दिसला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, तेथेच बाई फसते. मुलांच्या गुणपत्रिकेवर आपण वर्षानुवर्षे न चुकता सही करीत आलात. यंदा एक तारीख स्वतःसाठीही लिहून ठेवा.

अल्लाह आपणां सर्वांना आरोग्य देवो. आमीन.