शनिवार, रविवार आणि सोमवार

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांतील टेंभली हें लहानसें गांव २९ सप्टेंबर २०१० रोजीं एकाएकीं साऱ्या देशाला ठाऊक झालें. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत 'आधार' क्रमांकांच्या वाटपास त्या दिवशीं तेथें आरंभ झाला व देशांतील पहिला क्रमांक याच गांवच्या एका महिलेस मिळाला. ज्या जिल्ह्यांत कित्येक पाड्यांना पक्की सडक नव्हती, तेथेंच संगणकाचें युग असें वाजतगाजत उतरावें, हा योगायोग विलक्षण खरा. परंतु तेव्हांपासून एक प्रश्न या जिल्ह्याच्या पाठीशीं लागलेला आहे. यंत्र घडतें शहरांत आणि वापरावें लागतें डोंगरांत. मग घडविणारा आणि वापरणारा यांची गांठ पडावी कोठें?

अशी गांठ घालून देणारा एक प्रकार अलीकडे 'हॅकेथॉन' या नांवानें रूढ झाला आहे. शब्द कानाला खडबडीत लागतो. 'हॅक' म्हणजे अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंतील विद्यार्थ्यांच्या बोलींत एखादी चतुर युक्ति. तिला मॅरेथॉन शर्यतीचें शेपूट जोडलें कीं झाला हॅकेथॉन. जून १९९९ मध्यें कॅनडांतील कॅल्गरी शहरीं 'ओपनबीएसडी' या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र बसले, त्या बैठकीपासून हा शब्द प्रचारांत आला. पुढें २००९ सालीं गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, नासा आणि जागतिक बँक यांनीं मिळून आपत्तिनिवारणासाठीं असेच मेळे भरविण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुढाकारानें २०१७ पासून विद्यार्थ्यांचा ३६ तासांचा हॅकेथॉन भरूं लागला. मुंबईंत धर्मादाय संस्थांच्या अडचणी विद्यार्थ्यांपुढें ठेवणारेही मेळे झाले आहेत.

या मेळ्याचें स्वरूप बहुधा असें असतें. शनिवारीं सकाळीं संस्थांचे कार्यकर्ते आपापली अडचण सभेपुढें मांडतात. कोणाची देणगीदारांची यादी विस्कळित झालेली असते, कोणाला स्वयंसेवकांच्या पाळ्या लावावयाच्या असतात, कोणाच्या दवाखान्यांतील कागद वेळेवर सांपडत नाहींत. मग चार-पांच तरुणांची एकेक टोळी एकेक अडचण उचलते आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत आज्ञावली लिहिण्याचा सपाटा चालतो. चहाच्या किटल्या रिकाम्या होतात, रात्रीं दोन वाजतां कोणी टेबलावरच मान टाकतो, पहांटे एखादी चूक सांपडतां सांपडत नाहीं. आणि शेवटीं पांच मिनिटांत सारें परीक्षकांपुढें दाखवावयाचें असतें. त्या पांच मिनिटांत पडद्यावर जें हलतें-चालतें, तेवढेंच खरें ठरतें. यांतील उत्साह मात्र खोटा नसतो. आपली विद्या कोणा माणसाच्या उपयोगीं पडत आहे, हें त्या तरुणांपैकीं कित्येकांना तेथें प्रथमच डोळ्यांनीं दिसतें, आणि ही लहान गोष्ट नव्हे.

आतां अशी कल्पना करावी कीं, यांपैकीं एका टोळीपुढें अक्राणी तालुक्यांत बालकांचीं वजनें घेणाऱ्या एखाद्या संस्थेची कार्यकर्ती येऊन बसली आहे. तिची मागणी साधी आहे. कोणत्या बालकाचें वजन दोन महिन्यांत वाढलें नाहीं, हें वेळीं कळावें, म्हणजे त्याला वेळीं दवाखान्यांत नेतां येईल. एक तरुण लागलीच पडद्यावर चौकट आंखतो.

"ताई, नांव आणि आडनांव लिहिलें कीं बालक सांपडेल."

"दादा, आमचा अर्धा पाडा पाडवी आणि अर्धा वसावे. त्यांत एका नांवाचीं तीन मुलें."

"मग जन्मतारीख घालूं."

"आई सांगते, भोंगऱ्या बाजाराच्या वेळीं झालें. तारीख कोण लिहून ठेवतो?"

गांव निवडण्याची सोय करावी, तर गांव म्हणजे डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले अनेक पाडे. गांवाच्या नांवानें शोध घेणारा नेमका उलट्या टेकडीवर जाईल. परंतु खरी मेख याही पुढें आहे. दिवाळी झाली कीं कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत उतरतात व मुलेंबाळें बरोबर नेतात. महिन्याच्या अखेरीस त्या बालकाच्या नांवापुढील वजनाची चौकट रिकामी राहते. आतां त्या रिकाम्या चौकटीचा अर्थ काय? बालक ऊसाच्या फडावर गेलें, कार्यकर्ती त्या पाड्यावर पोंचलीच नाहीं, कीं बालक दगावलें? तिन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. त्याहून वाईट म्हणजे सरासरी काढतांना यंत्र रिकाम्या चौकटी सोडून देतें. आणि मग ज्या महिन्यांत सर्वांत अशक्त मुलें पाड्याबाहेर असतात, त्याच महिन्यांत पाड्याची प्रकृति सुधारलेली दिसते! ही चूक आज्ञावलीच्या व्याकरणांत नाहीं, म्हणून पहांटेपर्यंत जागूनही ती सांपडणार नाहीं. ती सांपडेल फक्त त्या ताईला विचारल्यानें.

मोबाईलच्या जाळ्याची अडचण त्या मानानें पुष्कळ सरळ आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यानें अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं, आणि कांहीं पाड्यांची वाट आतां पाण्यावरून जाते. २०२० सालीं चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे या एका मासेमाराची होडी घेऊन नर्मदेच्या पाण्यांतून स्वतः वल्हवीत बालकांपर्यंत व गरोदर स्त्रियांपर्यंत पोंचत होत्या. जाऊन-येऊन हा प्रवास १८ किलोमीटरांचा. अशा ठिकाणीं नोंद प्रथम यंत्रांतच सांठवावी आणि जाळें मिळेल तेव्हां तिनें आपण होऊन पुढें जावें, अशी योजना करावी लागते. ती करतां येते. मात्र एकाच बालकाची नोंद दोन यंत्रांतून निरनिराळी आली तर कोणती खरी धरावी, हें आधींच ठरवावें लागतें, आणि ७.२ किलोच्या जागीं ७२ उमटलें, तर यंत्रानें तेथल्या तेथें हटकलें पाहिजे, कारण चार दिवसांनीं चूक कळून काय उपयोग, तोंवर होडी परत आलेली असते. येथें एक गोष्ट जातां जातां सांगण्याजोगी आहे. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर तें तीव्र कुपोषित समजावें, हें सांगणारी कागदी पट्टी हातभर लांबीचीही नसते, व तिला ना वीज लागते ना जाळें. तरुण टोळीनें आपल्या कल्पनेची तुलना प्रथम या पट्टीशीं करून पाहावी.

वापरणाऱ्याला न विचारतां यंत्र हातीं दिलें म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. २०२१ सालीं 'पोषण ट्रॅकर' ही केंद्र सरकारची आज्ञावली आली, आणि त्याच वर्षीं राज्यांतील हजारों अंगणवाडी सेविकांनीं सरकारी मोबाईल परत केले. मोबाईल जुने व अपुऱ्या शक्तीचे होते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येत होता, आणि ज्या सेविकांचें शिक्षण मराठींत झालें त्यांना इंग्रजींत माहिती भरावी लागत होती. हें कांहीं दोन दिवसांच्या मेळ्यांतून निघालेलें काम नव्हतें. मागें साऱ्या सरकारचें बळ होतें. तरीही भाषेची साधी गोष्ट आधीं सुचली नाहीं. नंदुरबारच्या डोंगरांत तर मराठी हीही पुष्कळांची दुसरी भाषा. घरांत भिलोरी, पावरी बोलली जाते.

उलट उदाहरणही दूर नाहीं. नंदुरबार ज्या महसूल विभागांत मोडतो, त्या नाशिकलाच तें घडलें. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थांतील चेंगराचेंगरींत ३९ भाविक मृत्युमुखीं पडले होते. पुढील सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या तयारीसाठीं मूळचे नाशिकचे व एम. आय. टी. येथें संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या प्रेरणेनें 'कुंभथॉन' या नांवाचीं शिबिरें २०१४ पासून भरूं लागलीं. तेथें एका शाळकरी मुलानें व त्याच्या सोबत्यांनीं पावलांचा दाब ओळखून माणसें मोजणारी चटई तयार केली. तिला नांव दिलें 'आशिओतो', म्हणजे जपानी भाषेंत पावलांचा आवाज. तिच्यापासून कळणाऱ्या आंकड्यांवरून कोणत्या वाटेवर गर्दी दाटते आहे, हें वेळीं समजावें, हा हेतु. सिंहस्थांत ती प्रत्यक्ष अंथरली गेली व तिनें १८ तासांत सुमारें पांच लाख माणसें मोजलीं. हें यश एका रात्रीचें नव्हतें. शिबिर संपल्यावरही मुलें चटई घेऊन गर्दीच्या जागीं जात राहिलीं, ती बिघडत राहिली आणि पुन्हां दुरुस्त होत राहिली. शिवाय गोदावरीचा घाट त्यांच्या घरापासून चालत जाण्याजोगा होता. अक्राणीचा पाडा मुंबई-पुण्याच्या तरुणाला तसा नाहीं.

म्हणून सोमवार कठीण. बक्षिसाची ढाल घेऊन टोळी वसतिगृहांत परतते, परीक्षा जवळ आलेल्या असतात. आज्ञावली ज्या भाड्याच्या संगणकावर ठेवली, त्याचें भाडें पुढें कोण भरणार, गुप्त परवलीचा शब्द कोणापाशीं, मोबाईल बदलला तर जुन्या नोंदी कशा आणावयाच्या, यांतलें कांहींच पांच मिनिटांच्या प्रदर्शनांत येत नाहीं. संस्थेजवळ पगारी तंत्रज्ञ नसतो. असता, तर ती मेळ्यांत आलीच नसती.

त्या कल्पिलेल्या टोळीला बक्षीस मिळत नाहीं. तिनें केलें तें काम इतकेंच कीं, संस्था आधींपासून वापरीत असलेल्या तक्त्यांत रिकाम्या चौकटीऐवजीं निवडण्यासाठीं चार शब्द घातले: वजन घेतलें, स्थलांतर, भेट झाली नाहीं, मृत्यु. शिवाय एका वहींत, मराठींत, सारी रीत लिहून दिली. परीक्षकांना त्यांत पाहण्यासारखें फारसें दिसलें नाहीं. ताई मात्र ती वही पिशवींत घालून विचारते कीं, अडलें तर फोन कोणाला करावयाचा. तरुण आपला क्रमांक लिहून देतो व परीक्षा संपल्यावर एकदां धडगांवला येण्याचें कबूल करतो.

"पाऊस लागण्याआधीं या, दादा," ती सांगते. "मागून वाट राहत नाहीं."